वैद्यकीय शिक्षणात नीतीचा पाठ

एम.बी.बी.एस.चा विद्यार्थी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून डॉक्टर होतो. या काळात ग्रंथ, प्रयोगशाळा आणि प्राध्यापक यांच्याकडून त्याला विपुल ज्ञान मिळते. परंतु हृदयाच्या झडपेतील दोष कानाने ओळखणे, यकृताची वाढ बोटांनी चाचपून पाहणे, शीर शोधून सुई टोचणे, जखमेला टाके घालणे, बाळंतपण सुखरूप पार पाडणे या गोष्टी त्याला अखेर रुग्णाच्या देहावरच शिकाव्या लागतात. त्याला दुसरा मार्ग नाही. आणि हा रुग्ण बहुतांशी सरकारी किंवा महानगरपालिकेच्या रुग्णालयात आलेला, खाजगी दवाखान्याचा खर्च न परवडणारा शेतमजूर, कामगार, आदिवासी किंवा झोपडपट्टीत राहणारा गृहस्थ असतो.

याचा सरळ अर्थ असा की, समाजातील प्रत्येक डॉक्टरच्या कौशल्यामागे शेकडो गरीब रुग्णांचे न फिटणारे ऋण असते. पुढे तोच डॉक्टर शहरात प्रशस्त रुग्णालय काढतो, तेव्हा त्याच्या हाताला ज्यांनी वळण दिले ते रुग्ण बहुधा त्या रुग्णालयाची पायरीही चढू शकत नाहीत. वैद्यकीय विद्यार्थ्याला नीती शिकवणे म्हणजे प्रथम या ऋणाची जाणीव त्याला करून देणे होय. ही जाणीव व्याख्यानगृहातील चार तासांनी होत नाही. जेथे हे ऋण घडते तेथे, म्हणजे शरीरविच्छेदनाच्या दालनात, वॉर्डात, संमतिपत्रावर अंगठा घेतला जातो त्या टेबलापाशी आणि गावातील घराच्या ओसरीवर, हा पाठ द्यावा लागतो. तो कसा दिला जातो, त्यात उणिवा कोणत्या आणि त्यात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शपथ आणि तिच्या मर्यादा

वैद्याच्या आचरणाला नियम असावेत हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देताना गुरूने करावयाचा उपदेश आला आहे. रुग्णाच्या हितासाठी सर्वस्वाने झटावे, स्वतःच्या जीविताचा प्रश्न आला तरी रुग्णाचा द्रोह करू नये, रुग्णाच्या घरात ओळखीच्या माणसाबरोबर आणि परवानगीनेच प्रवेश करावा, तेथे पाहिलेल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, असा त्याचा आशय आहे. ग्रीसमधील हिपॉक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शपथेतही गुप्तता आणि रुग्णहित यांवर असाच भर आहे.

परंतु प्राचीन उपदेश विद्यार्थ्यांकडून केवळ म्हणवून घेतल्याने काम भागत नाही. चरकाच्या त्याच उपदेशात, रुग्णाचे आयुष्य संपत आले आहे हे कळले तरी जेथे ते सांगितल्याने रुग्णाला किंवा अन्य कोणाला धक्का बसेल तेथे सांगू नये, असेही म्हटले आहे. आजचे नीतिशास्त्र रुग्णाला स्वतःच्या आजाराविषयी जाणून घेण्याचा अधिकार आहे असे मानते. आपल्या ग्रामीण भागात तर कर्करोगाचे निदान झाले की मुलगा किंवा भाऊ डॉक्टरला बाजूला घेऊन “आईला काही सांगू नका” अशी विनवणी करतो. येथे विद्यार्थ्याने काय करावे? रुग्णाला प्रथम “तुम्हाला तुमच्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे?” असे विचारावे, हे त्याला शिकवावे लागते. असा प्रश्न विचारण्याची सवय शपथ पाठ करून लागत नाही.

नीतीच्या व्याख्यानांची मर्यादा इतिहासानेही दाखवून दिली आहे. नाझी राजवटीतील जर्मनीत १९३९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वैद्यकीय कायदा आणि व्यवसायनीती या विषयाची व्याख्याने सक्तीची होती. पण त्या व्याख्यानांत समोरच्या रुग्णापेक्षा वंश आणि राष्ट्र यांना वरचे स्थान दिले जात होते. युद्धानंतर १९४६-४७ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे जो खटला चालला, त्यातील २३ आरोपींपैकी २० जण डॉक्टर होते. छळछावण्यांतील बंदिवानांवर त्यांच्या संमतीविना केलेले अघोरी प्रयोग हा त्यांच्यावरील मुख्य आरोप होता. त्या निकालातूनच १९४७ ची न्यूरेम्बर्ग संहिता निर्माण झाली आणि व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती ही कोणत्याही प्रयोगाची पहिली अट ठरली. पुढे १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी येथे संशोधनाविषयीचे जाहीरनामा-पत्र स्वीकारले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८० मध्ये या विषयावर पहिले धोरणात्मक निवेदन काढले आणि २०००, २००६ व २०१७ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वेळापत्रकात नीतीचा तास आहे एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. त्या तासात कोणाचे हित केंद्रस्थानी मानले जाते हे महत्त्वाचे, हा या इतिहासाचा बोध आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

आपल्या देशात दीर्घकाळ नीतीचा विषय मुख्यतः न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासाचा एक भाग म्हणून शिकवला जात असे. डॉक्टरने काय केले असता नोंदणी रद्द होते, कोणते प्रमाणपत्र देणे गुन्हा ठरते, अशा स्वरूपाची माहिती विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करीत. त्यामुळे नीती म्हणजे कारवाईपासून बचाव अशी समजूत दृढ होण्याचा धोका होता.

या स्थितीत २०१८ मध्ये महत्त्वाचा बदल झाला. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने वृत्ती, नीती आणि संवाद या तिन्ही गोष्टी एकत्र गुंफणारी अभ्यासपुस्तिका तयार केली. ‘एटकॉम’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते आणि २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून ती देशभर लागू झाली. परिषदेच्या जागी २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोग स्थापन झाल्यावरही हा अभ्यास कायम राहिला. या पुस्तिकेत २७ घटक असून ते अभ्यासक्रमाच्या सर्व टप्प्यांत विभागले आहेत. डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, या प्रश्नांनी पहिल्या वर्षाचा प्रारंभ होतो. पुढे रुग्णाच्या कुटुंबीयांची अवस्था, संमती, गुप्तता, मृत्यूला सामोरे जाणे, वैद्यकीय हयगय असे विषय क्रमाने येतात. व्याख्यानाऐवजी लहान गटात चर्चा, प्रत्यक्ष रुग्णांशी संभाषण आणि स्वतःच्या अनुभवाचे लेखन या पद्धतींवर त्यात भर आहे.

योजना चांगली आहे. तिचे यश मात्र ती राबवणाऱ्या शिक्षकांवर आणि ज्या रुग्णालयात ती राबवली जाते तेथील वातावरणावर अवलंबून आहे. पुढील विवेचन याच अंगाने केले आहे.

पहिला गुरू : मृतदेह

विद्यार्थ्याचा पहिला रुग्ण जिवंत नसतो. शरीररचनाशास्त्राच्या दालनातील मृतदेह हा त्याचा पहिला गुरू होय, आणि वर उल्लेखिलेल्या पुस्तिकेतही त्याला गुरूचेच स्थान दिले आहे. हा देह कोठून येतो? काही देह स्वेच्छेने केलेल्या देहदानातून मिळतात. परंतु १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह अभ्यासासाठी देण्याची तरतूद केली आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या अशा देहांवर शिकल्या. ज्याच्यामागे रडायला कोणी नव्हते, ज्याला कोणी विचारलेही नव्हते, त्या माणसाने डॉक्टरांच्या पिढ्या घडवल्या आहेत.

दालनात जाण्यापूर्वी शिक्षकाने ही गोष्ट विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. देहाची थट्टा न करणे, छायाचित्रे न काढणे, काम संपल्यावर देह झाकून ठेवणे, अवशेषांची विल्हेवाट आदराने लावणे हे नियम त्यातून आपोआप निघतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या मनात त्या दिवशी भीती, किळस आणि कुतूहल यांचे मिश्रण असते. त्याविषयी बोलायला त्यांना अवसर दिला नाही तर ती भीती थट्टेच्या रूपाने बाहेर पडते, आणि पुढे हीच थट्टा जिवंत रुग्णांच्या बाबतीत चालू राहते. बेवारस देहांवरील अवलंबन कमी होऊन देहदान वाढावे यासाठी ग्रामपंचायती आणि शाळा यांनी केलेले प्रबोधन म्हणूनच वैद्यकीय शिक्षणाला थेट साहाय्यभूत ठरते.

सही आणि समज

नीतिशिक्षणातील सर्वांत कसोटीचा विषय संमती हा आहे. बहुतेक रुग्णालयांत संमती घेणे म्हणजे छापील कागदावर सही किंवा अंगठा घेणे असा अर्थ रूढ झाला आहे. हे काम पुष्कळदा सर्वांत कनिष्ठ डॉक्टरकडे किंवा आंतरवासीकडे येते आणि ते घाईत उरकले जाते. विद्यार्थी हे पाहतो आणि सही म्हणजेच संमती असे शिकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला एक निकाल या संदर्भात वर्गात अवश्य चर्चेला घ्यावा. एका अविवाहित स्त्रीने दुर्बिणीद्वारे तपासणी करून घेण्यास संमती दिली होती. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. रुग्ण सज्ञान असून तिच्या जिवाला तत्काळ धोका नव्हता. अशा वेळी आईची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही आणि तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. उपचाराचे स्वरूप, त्याचे लाभ, धोके, पर्याय आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला दिली पाहिजे, हेही त्यात स्पष्ट झाले.

हा प्रश्न केवळ न्यायालयापुरता नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भपिशवी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले, तेव्हा राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांत अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अटही घालण्यात आली. शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्र घेण्याचा प्रघात सर्वत्रच आहे. परंतु अंगावरून जाणाऱ्या पाण्यावर किंवा पाळीच्या तक्रारीवर औषधोपचाराचा पर्याय आहे, बीजांडकोशही काढल्यास हाडे ठिसूळ होण्यासारखे परिणाम संभवतात, ही माहिती मिळाल्यावाचून दिलेल्या अंगठ्याला संमती म्हणता येईल काय? पाळीमुळे कामाचा खाडा झाला तर मजुरी बुडते या भयापोटी दिलेला होकार कितपत स्वेच्छेचा? वर्गात हे प्रश्न चर्चिले गेले तर संमती या शब्दामागचा सामाजिक अर्थ विद्यार्थ्याला उमगतो.

संमतीच्या पाठाची एक सोपी पद्धत येथे सुचवावीशी वाटते. पहिल्या टप्प्यात शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या लहान गटाला रुग्णालयात वापरले जाणारे संमतिपत्र वाचायला द्यावे आणि त्यातील जे शब्द सातवी शिकलेल्या माणसाला समजणार नाहीत ते अधोरेखित करायला सांगावे. दुसऱ्या टप्प्यात तोच मजकूर रुग्णाच्या बोलीत सांगण्याचा सराव व्हावा. मेळघाटातून आलेला रुग्ण कोरकू बोलतो, गडचिरोलीचा गोंडी किंवा माडिया, नंदुरबारचा भिली. अशा वेळी दुभाषी कोण, आणि तो रुग्णाच्या मनातले सांगतो की स्वतःच्या मनातले, याचाही विचार व्हावा. तिसऱ्या टप्प्यात विद्यार्थ्याने, रुग्णाची अनुमती घेऊन, संमती घेण्याचा प्रत्यक्ष प्रसंग पाहावा. चौथ्या आणि सर्वांत महत्त्वाच्या टप्प्यात रुग्णालाच विचारावे, “तुमचे कोणते ऑपरेशन होणार आहे आणि ते का, हे मला तुमच्या शब्दांत सांगाल का?” रुग्णाला ते सांगता आले नाही, तर कागदावर सही असूनही संमती झालेली नाही, एवढा निष्कर्ष विद्यार्थ्याला पुरेसा आहे.

शिकण्यासाठी केलेली तपासणी

उपचारासाठीच्या संमतीची चर्चा आता होऊ लागली आहे. शिकण्यासाठीच्या संमतीकडे मात्र अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. शिकवण्याच्या रुग्णालयात एखाद्या रुग्णाच्या पोटातील गाठ स्पष्ट हाताला लागत असेल, तर दिवसभरात कित्येक विद्यार्थी ते पोट दाबून पाहतात. रुग्णाला त्याचा उपचाराच्या दृष्टीने काही उपयोग नसतो. तो बहुधा नकार देत नाही, कारण नकार दिला तर उपचार मिळणार नाहीत अशी भीती त्याच्या मनात असते.

येथे नियम अगदी साधे आहेत. विद्यार्थ्याने प्रथम आपले नाव सांगावे आणि आपण अजून डॉक्टर नसून विद्यार्थी आहोत हेही सांगावे. तपासण्याची परवानगी मागावी आणि नकार दिल्यास उपचारात काहीही फरक पडणार नाही असा विश्वास द्यावा. पडदा ओढावा, आवश्यक तेवढाच भाग उघडा करावा, स्त्री रुग्णाजवळ परिचारिका किंवा अन्य स्त्री उपस्थित असावी. थंडीच्या दिवसांत हात चोळून गरम करावेत. जेवताना किंवा झोपेत असलेल्या रुग्णाला उठवू नये. तपासून झाल्यावर पांघरूण पूर्ववत करावे आणि आभार मानावेत. भुलेखाली असलेल्या रुग्णाची केवळ शिकण्यासाठी तपासणी करावयाची असेल तर तिची संमती शुद्धीवर असतानाच घेतलेली असली पाहिजे. रुग्णाला ‘सात नंबरचा मूत्रपिंड’ न म्हणता नावाने हाक मारावी. आणि वयाने मोठ्या शेतकऱ्याला वा वृद्धेला ‘अरे-तुरे’ न करता ‘काका’, ‘आजी’, ‘अहो’ म्हणावे. या गोष्टींना पैसा लागत नाही आणि गर्दीतही त्या करता येतात.

न बोलता शिकवले जाणारे

विद्यार्थी नीतीविषयी जे काही शिकतो त्यातील फार मोठा भाग कोणत्याही अभ्यासपुस्तिकेत नसतो. वरिष्ठ डॉक्टर परिचारिकेशी कसे बोलतात, दारू पिऊन आलेल्या अपघातग्रस्ताला कशी वागणूक मिळते, औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेली भेट कोण स्वीकारतो, चूक झाली तर ती केसपेपरवर लिहिली जाते की झाकली जाते, हे सारे विद्यार्थी पाहत असतो. सकाळी वर्गात गुप्ततेचे महत्त्व ऐकायचे आणि दुपारी राऊंडमध्ये साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात रुग्णाचा गुप्तरोग सांगितला जाताना पाहायचा, असे घडले तर दुपारचा पाठ अधिक खोल रुजतो.

कधीकधी खुद्द अभ्यासक्रमच चुकीचा पाठ देतो. न्यायवैद्यकशास्त्रात स्त्रीच्या कौमार्याची लक्षणे हा विषय वर्षानुवर्षे शिकवला जात होता, जरी त्याला शास्त्रीय आधार नव्हता. सेवाग्राम येथील न्यायवैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांनी याविरुद्ध पाठपुरावा केला आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये हा भाग अभ्यासातून वगळला. अत्याचारपीडित स्त्रीच्या तथाकथित दोन बोटांच्या तपासणीला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिच्या खाजगीपणावरील आक्रमण ठरवले होते. २०२२ मध्ये ती वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही दूर करण्यासाठी अभ्यासक्रमाचा फेरविचार करण्याचे निर्देश दिले. पाठ्यपुस्तकात छापले आहे म्हणून ते योग्यच असे नाही, हा नीतिशिक्षणातील एक मोठा धडा होय.

संस्थेच्या कारभाराचाही नीतीशी निकट संबंध आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ होती. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधाची खरेदी, तपासणी आणि देखरेख या साऱ्या साखळीतील दोष उघड केले. ज्यांच्या सहीने भेसळयुक्त औषध पुढे सरकले त्यांपैकी अनेकांनी रुग्णाला पाहिलेही नसेल. औषधभांडारातील नोंद, निविदेची अट, प्रयोगशाळेचा अहवाल या गोष्टीही अखेर रुग्णशय्येशी जाऊन मिळतात, हे भावी डॉक्टरांनी आणि प्रशासकांनी सारख्याच गांभीर्याने ध्यानी घेतले पाहिजे.

त्याच मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाने याच्या उलट पाठही दिला आहे. १९७३ मध्ये क्रूर हल्ल्याला बळी पडून शुद्ध हरपलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे केली. २०११ मध्ये त्यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाच्या प्रश्नाचा ऊहापोह केला आणि २०१८ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला. त्यातील कायदेशीर व तात्त्विक बाजू विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासाव्यात. परंतु बरे होण्याची आशा संपल्यावरही माणसाची जबाबदारी संपत नाही, हे त्या परिचारिकांनी एका शब्दाचेही व्याख्यान न देता शिकवले आहे. नीतीच्या वर्गात परिचारिकांना शिक्षक म्हणून निमंत्रित करण्याचा प्रघात म्हणूनच पडावयास हवा.

कायदा ही किमान पायरी

कायद्याचे ज्ञान विद्यार्थ्याला आवश्यक आहे. अपघातग्रस्ताला पोलिसांच्या सोपस्कारांसाठी न थांबता तत्काळ उपचार देणे हे सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा करण्यात महाराष्ट्र १९८८ मध्ये देशात अग्रेसर ठरला आणि १९९४ मध्ये केंद्रीय अधिनियम आला. मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाविषयीचा अधिनियमही १९९४ चाच.

तथापि कायदा किमान मर्यादा आखतो, त्यापलीकडचे वर्तन नीती ठरवते. सोनोग्राफीच्या खोलीत लिंग न सांगणे हे कायद्याचे पालन झाले. पण तिसरी मुलगी होईल या धास्तीने खचलेल्या स्त्रीशी दोन धीराचे शब्द बोलणे, तिच्या पतीला आणि सासूला समजावणे, याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. ते शिक्षणानेच घडते.

मूल्यमापनाचा प्रश्न

ज्या विषयाला गुण नाहीत त्याचा अभ्यास होत नाही, असा आपल्याकडील अनुभव आहे. त्यामुळे नीतीच्या विषयावर लेखी परीक्षेत प्रश्न असावेत हे योग्यच. परंतु स्वायत्तता, उपकार, अपाय टाळणे व न्याय ही चार तत्त्वे उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी वॉर्डात तशीच वागणूक देईल याची शाश्वती नसते. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने परवानगी मागितली काय, पडदा ओढला काय, रुग्णाला समजेल अशा भाषेत बोलला काय, याची नोंद परीक्षकाने केली पाहिजे. विद्यार्थ्याच्या नोंदवहीत त्याला अस्वस्थ करणारा एखादा प्रसंग आणि त्यावरील त्याचे विचार असावेत, आणि शिक्षकाने ते लिखाण केवळ सही न करता वाचावे. वॉर्डातील परिचारिका आणि रुग्ण यांचे मतही विचारात घेता येईल. त्याचबरोबर वरिष्ठांची चूक निदर्शनास आणणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान होणार नाही, एवढी हमी अधिष्ठात्यांनी दिली पाहिजे. एरवी प्रामाणिकपणाचा धडा कागदावरच राहील.

गाव हीही पाठशाळा

नीतिशिक्षणाला गावाची जोड देण्याचा उत्तम प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दत्तक गावात शिबिरासाठी मुक्काम करतात, काही कुटुंबे आपली मानतात आणि पुढेही त्यांच्याशी संपर्क ठेवतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक उपक्रम देशातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात समाविष्ट केला आहे. रुग्णालयात रुग्ण डॉक्टरच्या दारी येतो. येथे विद्यार्थी रुग्णाच्या दारी जातो. रक्तदाबाची गोळी महिनाअखेर का बंद होते, गरोदर सून तपासणीला का येत नाही, क्षयरोगाचे नाव घ्यायला घर का कचरते, हे त्याला चुलीपाशी बसल्यावर कळते.

येथे पंचायत सदस्यांची जबाबदारी सुरू होते. विद्यार्थ्यांची गाडी आली, सह्या झाल्या, छायाचित्रे निघाली आणि गाडी परत गेली, असे होऊ देऊ नये. ग्रामसभेत या उपक्रमाची माहिती द्यावी. कुटुंबांची निवड करताना केवळ रस्त्यालगतची घरे न दाखवता वाडी, वस्ती, तांडा आणि पाडा येथपर्यंत विद्यार्थ्यांना न्यावे. सहभागी होण्यास कुटुंबाची खरोखर इच्छा आहे काय, हे आशा कार्यकर्तीच्या मदतीने आधी विचारावे, कारण दत्तक कुटुंबालाही नकाराचा अधिकार आहे. एका घरातील आजार दुसऱ्या घरी बोलू नये, चावडीवर रुग्णांच्या नावांची यादी वाचू नये, हे विद्यार्थ्यांना निःसंकोचपणे सांगावे. आणि तपासणीत दोष आढळलेल्या व्यक्तीला पुढील उपचार मिळाले काय, हे महाविद्यालयाला लेखी विचारावे. नुसती मोजणी करून निघून जाणे हेही एक प्रकारे ऋण बुडवणे होय.

अधिकारी वर्गाचाही यात वाटा आहे. बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरला एका सकाळी शंभराहून अधिक रुग्ण पाहावे लागत असतील तर संवादासाठी दोन मिनिटेही उरत नाहीत, आणि सलग छत्तीस तास जागलेल्या निवासी डॉक्टरकडून सौजन्याची अपेक्षा करणे कठीण असते. रिक्त पदे वेळेवर भरणे, वॉर्डात पडद्यांची सोय करणे, सोप्या मराठीत संमतिपत्रे छापणे, आदिवासी भागांत दुभाषी नेमणे या वरवर प्रशासकीय वाटणाऱ्या बाबी नीतिशिक्षणाच्या पायाभूत सुविधा आहेत. शाळांतील शिक्षकांनीही, डॉक्टरला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नसून रुग्णाचा हक्क आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे. विचारणारा रुग्ण समोर असला की समजावून सांगणारा डॉक्टर घडणे सोपे जाते.

सारांश, वैद्यकीय नीती ही स्वतंत्र कप्प्यात ठेवण्याची वस्तू नव्हे. शरीरविच्छेदनाच्या पहिल्या दिवसापासून आंतरवासितेच्या अखेरच्या रात्रपाळीपर्यंत ती प्रत्येक कृतीत शिकवली किंवा मोडली जाते. महाराष्ट्रात शासकीय व महानगरपालिकांच्या महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो तरुण या व्यवसायात पाऊल टाकतात. त्यांच्या शिक्षणावर जनतेचा पैसा खर्च होतो आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जनतेने आपला देह त्यांच्या हाती शिकण्यासाठी दिलेला असतो. ज्याच्या देहावर आपण शिकलो त्याला त्याच्या भाषेत समजावणे, त्याची परवानगी मागणे, त्याचे गुपित राखणे आणि तो पुन्हा दारी आला तर त्याला परत न पाठवणे, एवढे जरी नव्या डॉक्टरांच्या अंगवळणी पडले तरी नीतीचा पाठ सार्थकी लागला असे म्हणता येईल.